जळगाव-धुळ्यातून सीए : शिकवणी घरी आली, लेखी सराव मागे राहिला

बारावीचा निकाल लागला की जळगाव आणि धुळ्यातल्या वाणिज्य शाखेच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. सीए करायचं तर पुण्याला पाठवायचं की इथेच राहू द्यायचं? पंधरा-वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. चांगला क्लास पुण्यात, चांगली फर्म पुण्या-मुंबईत, म्हणून ऐपत असेल त्याने बॅग भरायची आणि नसेल त्याने बी.कॉम. करून दुकान, बँक किंवा पतसंस्था गाठायची. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. परीक्षेची रचना बदलली, शिकवणी मोबाइलवर आली, आर्टिकलशिपचा, म्हणजे फर्ममधल्या प्रशिक्षणाचा, काळ कमी झाला. तरीही ही परीक्षा देशातल्या अवघड परीक्षांपैकी एक आहे. त्यामुळे खान्देशात राहून तिची तयारी करणाऱ्याला नेमकं काय मिळतं आणि कुठे कमी पडतं, हे एकदा नीट मांडायला हवं.

परीक्षा नेमकी मागते काय?

भारतीय सनदी लेखापाल संस्था, म्हणजे आयसीएआय, १९४९च्या कायद्याने १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली. तिचा सध्याचा अभ्यासक्रम १ जुलै २०२३पासून लागू झाला. त्यात तीन टप्पे आहेत. फाउंडेशनला चार पेपर असतात : लेखाकर्म, व्यवसायविषयक कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र. इंटरला दोन ग्रुपमध्ये सहा पेपर. फायनलला पूर्वी आठ पेपर होते, आता तेही सहा झाले. फायनलचा सहावा पेपर अनेक विषय एकत्र आणणाऱ्या प्रकरणांवर असतो, चार तासांचा असतो आणि पुस्तकं उघडून लिहायचा असतो. पुस्तकं समोर असली तरी नेमकं काय शोधायचं हे आधीपासून ठाऊक असावं लागतं, म्हणून तो सोपा ठरत नाही.

फाउंडेशनचे पहिले दोन पेपर लेखी आणि पुढचे दोन वस्तुनिष्ठ असतात. वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. इंटर आणि फायनलला साधारण तीस टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि सत्तर टक्के लेखी उत्तरांना असतात. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा या सत्तर टक्क्यांशी बांधलेला आहे.

उत्तीर्ण होण्याचा नियम प्रत्येक घराने समजून घ्यायला हवा. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण लागतात आणि ग्रुपच्या तीन पेपरांची बेरीज किमान १५० व्हावी लागते. तिन्ही पेपरांत चाळीस-चाळीस मिळाले तर बेरीज १२० होते आणि तीस गुण कमी पडतात. म्हणजे प्रत्येक विषयात काठावर राहून ग्रुप सुटत नाही. एका विषयातली कसर दुसऱ्यात भरून काढावी लागते किंवा तिन्ही विषय पन्नाशीच्या घरात ठेवावे लागतात. दुसरीकडे, बेरीज चुकली पण एखाद्या पेपरात साठ किंवा अधिक गुण आले, तर पुढच्या तीन परीक्षांसाठी त्या पेपरातून सूट मिळते. मुलं तिला एक्झम्प्शन म्हणतात. मात्र त्यासाठी ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. पहिला पेपर बिघडला म्हणून उरलेले सोडून घरी येणारा मुलगा ही संधी स्वतःच्या हाताने घालवतो.

दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचाही एक फायदा आहे. प्रत्येक पेपरात चाळीस असतील आणि सहा पेपरांची बेरीज ३०० झाली, तर एका ग्रुपची १४० ही कमी बेरीज दुसऱ्याच्या १६० गुणांनी भरून निघते. एकेक ग्रुप सुटा देणाऱ्याला हा आधार मिळत नाही. पण त्याच्यावर एका वेळी तीनच विषयांचा भार असतो. कोणती वाट धरायची हे सहाही विषयांच्या किमान दोन उजळण्या होतील एवढा वेळ हाताशी आहे का, यावर ठरावं. मित्र दोन्ही ग्रुप देतो आहे, हे काही कारण होऊ शकत नाही.

निकालाचे आकडे या कठीणपणाची कल्पना देतात. जून २०२४च्या फाउंडेशनमध्ये १४.९६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. मे २०२४च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्या ३५,८१९ जणांपैकी ७,१२२ उत्तीर्ण झाले, म्हणजे १९.८८ टक्के. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरला हे प्रमाण १३.४४ टक्क्यांवर आलं. दर पाच-सात जणांमागे एकच जण पार होतो, अशा परीक्षेत पहिल्या प्रयत्नात अडखळणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. गावाकडे मात्र अजूनही 'नापास झाला' या दोन शब्दांत तिचा निकाल लावला जातो.

खान्देशाला सीए का हवेत?

जळगाव म्हणजे सोन्याचा बाजार, डाळ मिल, केळी, कापूस, जिनिंग-प्रेसिंग आणि ठिबक सिंचन. धुळे म्हणजे कापूस, दूध, औद्योगिक वसाहत, दोंडाईच्याची मिरची आणि शिरपूरचे उद्योग. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यापासून बाजार समितीतल्या अडत्यापर्यंत प्रत्येकाला जीएसटी, प्राप्तिकर, बँकेचं कर्ज आणि हिशेब यांसाठी जाणकार माणूस लागतो.

उद्योगाच्या इतिहासातही हा प्रदेश मागे नाही. विप्रोची सुरुवात २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या वनस्पती तुपाच्या कंपनीने झाली. त्या काळी घेतलेले शेअर टिकवून ठेवल्याने अमळनेरची कितीतरी कुटुंबं श्रीमंत झाली, ही गोष्ट खान्देशात घरोघरी ठाऊक आहे.

याच भूमीने दुसरी बाजूही पाहिली आहे. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत राज्यभरातल्या ठेवीदारांचे पैसे अडकले आणि २०१५मध्ये तिच्यावर अवसायक नेमावा लागला. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम, शेती विकून आलेला पैसा, असं सगळं त्यात गुंतलं होतं. लेखापरीक्षण चोख असणं म्हणजे काय, याचा अर्थ या भागातल्या ठेवीदाराला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त खोलवर कळला आहे. म्हणून इथल्या मुला-मुलींनी सीए व्हावं हा प्रश्न एका कुटुंबाच्या कमाईपुरता राहत नाही. इथल्या संस्थांचे हिशेब तपासायला इथलीच, अभ्यासाने तावून-सुलाखून निघालेली माणसं असावीत, ही या समाजाची गरज आहे.

शिकवणी आता घरी आली

पूर्वी पुण्याला जाण्याचं पहिलं कारण क्लास होतं. आता पुण्या-मुंबईतल्या, दिल्लीतल्या नामांकित शिक्षकांची रेकॉर्ड केलेली लेक्चर एरंडोल किंवा साक्रीच्या मुलीलाही मिळतात. आयसीएआयचं अभ्यास मंडळ स्वतः मोफत लाइव्ह वर्ग घेतं. त्याचं अभ्यास साहित्य, उजळणी प्रश्नसंच, नमुना परीक्षा आणि मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं सगळ्यांसाठी खुली आहेत. संस्थेच्या पश्चिम विभागीय परिषदेची शाखा जळगावात आहे. परीक्षा केंद्रं जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी असल्यामुळे पेपरासाठी परगावी मुक्काम करावा लागत नाही. ज्या घरांना मुलीला एकटीने पुण्याच्या वसतिगृहात ठेवायचा खर्च किंवा धीर झेपत नाही, त्या घरांतल्या मुलींसाठी हा फरक फार मोठा आहे.

पण सोयीबरोबर एक सवयही लागते. मुलं तासन् तास लेक्चर ऐकतात, दीडपट-दुप्पट वेगाने पाहतात, वहीत नोट्स उतरवतात आणि अभ्यास झाला असं मानतात. एका विषयाची शंभर-दीडशे तासांची लेक्चर संपवण्यातच महिने जातात. स्वतः गणित सोडवणं, घड्याळ लावून उत्तर लिहिणं आणि ते कोणाकडून तरी तपासून घेणं शेवटच्या महिन्यावर ढकललं जातं. परीक्षागृहात तर तीन तास फक्त लिहावंच लागतं.

पुस्तकांबाबतही सावध राहावं लागतं. सीनिअरची पुस्तकं वापरणं ही इथली चांगली, खर्च वाचवणारी पद्धत आहे. लेखाकर्म किंवा कॉस्टिंगसाठी ती बऱ्याच अंशी चालते. करविषयात मात्र दर वर्षीचा वित्त कायदा तरतुदी बदलतो, आणि १ एप्रिल २०२६पासून तर १९६१चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा लागू होतो. कलमांचे क्रमांकसुद्धा बदलले आहेत. आपल्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे संस्थेच्या सूचनेतून पाहिल्याशिवाय जुनं पुस्तक हातात घेऊ नये.

भाषेची चढण

ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते. मराठीतून देता येत नाही. खान्देशातल्या कितीतरी मुलांच्या घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलतात, शाळा मराठीत होते, बारावीला 'पुस्तपालन व लेखाकर्म' आणि 'चिटणिसाची कार्यपद्धती' मराठीत शिकलेलं असतं. तिथून थेट इंग्रजीतल्या कंपनी कायद्यावर आणि लेखापरीक्षणाच्या मानकांवर उडी मारावी लागते.

त्याचा परिणाम कोणत्या विषयावर होतो हे ओळखणं सोपं आहे. लेखाकर्म, कॉस्टिंग, वित्तीय व्यवस्थापन हे आकड्यांचे विषय मराठी माध्यमाची मुलं चांगले पेलतात. अडतात ती कायदा आणि ऑडिटमध्ये. विषय कळलेला असतो, मित्राला अहिराणीत समजावताही येतो, पण चार ओळींत नेमका इंग्रजी परिच्छेद उतरत नाही.

इंग्रजी सुधारण्यासाठी वेगळा कोर्स लावण्यापेक्षा परीक्षेचीच इंग्रजी शिकणं जास्त उपयोगी पडतं. कायद्याच्या उत्तराचा साचा ठरलेला आहे : आधी लागू होणारी तरतूद, मग प्रश्नात दिलेली वस्तुस्थिती तिच्याशी जुळवून पाहायची, शेवटी स्पष्ट निष्कर्ष. या साच्यात रोज दोन उत्तरं लिहिली आणि ती संस्थेच्या सुचवलेल्या उत्तरांशी ताडून पाहिली, तर सहा महिन्यांत साडेतीनशेच्या वर उत्तरं लिहून होतात. मानकांमधली ठरावीक वाक्यरचना अंगवळणी पडते. परीक्षेला अलंकारिक इंग्रजी नकोच असते. लहान, बिनचूक वाक्यं आणि योग्य पारिभाषिक शब्द एवढं पुरतं.

आर्टिकलशिप : इथे की बाहेर?

नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. प्रशिक्षणाच्या काळातली रजा वर्षाला बारा दिवसांपुरती मर्यादित केली, कारण शेवटचे सहा महिने अभ्यासासाठी मोकळे ठेवले आहेत. हा बदल नोकरीसारखं काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांच्या फायद्याचा आहे. मात्र ते सहा महिने खरंच अभ्यासात जायला हवेत.

किमान विद्यावेतनाचे दर शहराच्या लोकसंख्येवर ठरतात : वीस लाखांपुढची शहरं, चार ते वीस लाखांची शहरं आणि चार लाखांखालची. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या पुढे आणि धुळे पावणेचार लाखांच्या आसपास होतं. त्यामुळे अवघ्या नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवरची ही दोन शहरं वेगवेगळ्या गटांत पडतात. पुण्यात विद्यावेतन जास्त मिळतं, पण खोलीचं भाडं आणि मेस त्याहून कितीतरी जास्त होतात. घरी राहून आर्टिकलशिप करणाऱ्याचा हा सगळा पैसा वाचतो आणि आईच्या हातचं जेवणही मिळतं.

कामाच्या दर्जाची तुलना दोन्ही बाजूंनी करायला हवी. जळगाव-धुळ्याच्या फर्ममध्ये आर्टिकल एकाच अशिलाची पूर्ण फाइल पाहतो. व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत, जीएसटी विवरणपत्रापासून कर विभागाच्या नोटिशीच्या उत्तरापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जातं. अशिलाशी बोलायला तो पहिल्या महिन्यापासून शिकतो. पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर याहून चांगलं प्रशिक्षण नाही.

कमी मिळतो तो मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव. फायनलच्या फायनान्शिअल रिपोर्टिंग या पेपराचा कणा असलेली भारतीय लेखामानके, म्हणजे इंड एएस, मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांना लागू होतात. डाळ मिल किंवा सराफी दुकानाच्या हिशेबात ती भेटत नाहीत. ही उणीव काही प्रमाणात घरबसल्या भरून काढता येते. जैन इरिगेशन ही जळगावचीच, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे आणि तिचा वार्षिक अहवाल कोणालाही वाचायला मिळतो. मालमत्तेचं अवमूल्यन, भाडेकरार, विलंबित कर, उपकंपन्यांचं एकत्रीकरण, या सगळ्या गोष्टी पुस्तकात वाचल्यावर त्याच आठवड्यात त्या अहवालाच्या टिपांमध्ये शोधल्या, तर मानक पाठ करण्याऐवजी समजू लागतं.

उन्हाळा, सणवार आणि वेळापत्रक

फाउंडेशन आणि इंटर २०२४पासून, तर फायनल २०२५पासून वर्षातून तीनदा होते : साधारण जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. संधी वाढल्या ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक परीक्षेला अर्ज भरत राहायचा आणि एकाही वेळी तयारी पूर्ण करायची नाही, हा धोकाही त्यातून आला.

खान्देशात मेची परीक्षा सर्वांत कठीण जाते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पेपराची वेळ दुपारी दोन ते पाच असते. दुपारी एकच्या उन्हात केंद्रावर पोचायचं आणि डोकं शांत ठेवून लिहायचं. पहाटे चारला उठून अभ्यास करण्याची आपल्याकडची सवय उत्तम आहे. पण दुपारी झोपणाऱ्या मुलाचं शरीर नेमक्या पेपराच्या वेळी मंदावतं. म्हणून शेवटच्या दीड महिन्यात सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच याच वेळात द्यावी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्याच्या पेपरांच्या अगदी तोंडावर येते आणि त्याच दिवसांत घरात लग्नसराई असते. श्रावणातला कानबाईचा सण सप्टेंबरच्या परीक्षेआधी येतो. कुटुंबाने एका वर्षासाठी मुलाला पाहुण्यांच्या ओढाताणीतून मोकळं ठेवलं, तर त्याचा उपयोग महागड्या क्लासइतकाच होतो. घरात जागा नसेल तर अभ्यासिका आहेत. मुलींसाठी रात्री उशिरापर्यंत सुरक्षित अशा अभ्यासिका मात्र वाढायला हव्यात.

बी.कॉम.ची सांगडही आधीच घालावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या सत्र परीक्षा आणि सीएचे पेपर एकमेकांच्या जवळ येऊ शकतात. पदवी अर्धवट सोडू नये. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुणांवर फाउंडेशन न देता थेट इंटरला प्रवेश मिळतो. बारावीनंतर लगेच निर्णय न झालेल्यांसाठी ही दुसरी वाट पूर्णपणे सन्मानाची आहे.

शेजारच्या वाटा

सीए ही एकमेव परीक्षा नाही. उत्पादन खर्चाकडे ओढा असेल तर सीएमए, कंपनी कायद्याकडे असेल तर सीएस. गुंतवणूक विश्लेषणासाठी जगभर मानली जाणारी सीएफए तीन पातळ्यांची असते. तिच्या पहिल्या पातळीत १८० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि प्रत्येक पातळीसाठी सुमारे तीनशे तासांचा अभ्यास सुचवला जातो. तिची केंद्रं मोठ्या शहरांत आहेत. बँकेत लागलेल्यांसाठी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी आहेत.

खान्देशासारख्या सहकाराच्या प्रदेशात आणखी एक परीक्षा विसरली जाऊ नये. राज्याच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका परीक्षा मराठीतून देता येते आणि तिच्या आधारे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत येण्याची वाट खुली होते. सीएच्या दोन-तीन प्रयत्नांनंतर थांबायचं ठरवलेल्या मुलाने शिकलेलं लेखाकर्म आणि ऑडिट इथे वाया जात नाही. 'सीए झाला नाही' या शिक्क्याखाली त्याने पुढची वर्षं काढण्याचं काहीच कारण नाही.

आता करायचं काम

या सगळ्या पाहणीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ऐकण्याची सोय खान्देशात पोचली आहे, वाचण्याचं साहित्य फुकट मिळतं, परीक्षेचं केंद्र जवळ आहे. कमी आहे ती लिहिलेलं उत्तर वाचून त्यावर लाल शाईने खुणा करणारी माणसं. कुठे तरतूद चुकली, कुठे निष्कर्ष लिहायचा राहिला, कोणतं वाक्य नको होतं, हे रेकॉर्ड केलेलं लेक्चर सांगू शकत नाही. पैसे घेऊन सराव परीक्षा तपासणाऱ्या ऑनलाइन सेवा आहेत, पण त्या प्रत्येकाला परवडत नाहीत, आणि अहिराणी बोलणाऱ्या मुलाची इंग्रजी कुठे अडते हे दूरच्या तपासनिसाला समजत नाही.

ही उणीव भरायला मोठा निधी लागत नाही. जळगाव-धुळ्यात व्यवसाय करणारे सीए आहेत, आणि याच रस्त्यावरून नुकतेच उत्तीर्ण झालेले तरुणही आहेत. प्रत्येकाने महिन्याला दहा उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, वाणिज्य महाविद्यालयांनी शनिवार-रविवारी दुपारी दोन ते पाच एक वर्ग सराव परीक्षेसाठी उघडा ठेवला, तर लेखी सरावाची सोय इथेच उभी राहील. पालकांनीही निकालाच्या दिवशी फक्त पास-नापास न विचारता गुणपत्रिका घेऊन मुलासोबत बसावं. कोणत्या पेपरात साठ आले, कोणत्या पेपराने बेरीज ओढली, पुढच्या चार महिन्यांत काय लिहून काढायचं, हे ठरवावं. केळीच्या आणि कापसाच्या या मुलखाला आपल्या बँका, पतसंस्था आणि उद्योग विश्वासाने चालवायचे असतील, तर त्यांचे हिशेब तपासणारी पिढी इथेच, या दोन शहरांतच घडवता येते आणि घडवायला हवी.